साखरेखालचा बेडूक

आमचे दत्तूभाऊजी जायच्या दोन-तीन दिवस आधी समोरचे युसूफभाई त्यांना बघायला आले होते. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खाटेशेजारी स्टूल ओढून ते बसले, रुमाल सोडला आणि आतला चिनी मातीचा पेला त्यांनी भाऊजींपुढे धरला. निळ्या वेलीचा, सोनेरी काठाचा, कान असलेला. इंग्रजीत त्याला 'मग' म्हणतात, आमच्या घरात त्याला कानाचा पेला म्हणायची रीत. "दत्तूसेठ, अब तो पलट के देख लो," युसूफभाई म्हणाले. "आज मैंने अपने हाथ से खाली किया है।" भाऊजींना ताप होता, दोन घोट पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. त्यांनी त्या पेल्याकडे बराच वेळ बघितलं. भुकेलं पोर हलवायाच्या ताटाकडे बघतं ना, तसं. आणि मग दोन्ही हात गोधडीच्या आत ओढून घेतले. "नको युसूफभाई," म्हणाले. "घरी न्या आणि आधी होता तसा भरून ठेवा. आत्ताच्या आत्ता जा…" युसूफभाई उठले. दारात मी उभी होते, माझ्याकडे बघायचं टाळून ते खाली उतरले.

पाहणाऱ्याला वाटलं असतं की तापात भ्रम झालाय. वैद्यबुवांना तसंच वाटलं, आमच्या ह्यांनाही तसंच वाटलं. मला नाही वाटलं. ज्या एका वस्तूपायी या माणसाचा जीव वर्षानुवर्षं तुटत होता, ती वस्तू अंथरुणाशी चालून आली आणि त्यानं हात लपवले, यामागचं सगळं मला ठाऊक होतं. आता भाऊजींना जाऊन महिना उलटला. घरात येणारा-जाणारा विचारतो, ओसरीवरच्या फळीवर एवढे पेले कशाला मांडलेत, काय हा छंद. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी त्यांची वहिनी. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात, या राजपुऱ्यातल्या घरात आले तेव्हा भाऊजी नुकते शाळा सोडून दुकानात बसायला लागले होते. दुकान फेट्यांचं आणि पागोट्यांचं. आमचे हे गादीवर बसायचे आणि फिरती भाऊजींकडे. जरीकाठी कापडाचे ठाण घेऊन ते लहान-मोठ्या दरबारांत जायचे. दसऱ्याला, कुणी गादीवर बसलं की, कुणाचं लग्न निघालं की, आमचंच कापड. जरीची तार यायची समोरच्या युसूफभाईंच्या कारखान्यातून. दोन्ही घरांचे दरवाजे तोंडाला तोंड लावून, त्यामुळे त्यांच्याकडे पाहुणा आला की आमच्याकडे आधी कळायचं.

भाऊजींचं लग्न मीच जमवलं. मुलगी भुसावळची, रेल्वेच्या गार्डाची, नाव इंदू. तिनं माहेरून आणलेल्या सामानात एक चिनी मातीचा पेला होता. निळी वेल, सोनेरी काठ. घरात आल्याच्या आठवड्यातच तिनं मला त्यात ताक दिलं, तेही ओसरीवर बसवून, कारण चिनी माती आमच्या स्वयंपाकघरात चालत नसे. पितळ राखेनं घासलं की शुद्ध होतं. चिनी मातीला एकदा ओठ लागला की लागला, ती कायमची उष्टी, असं सासूबाईंचं म्हणणं आणि ते मीही पुढे चालवलं. तर मी ताक पीत पीत तळाशी आले आणि बघते तो आत बेडूक. डोकं वर करून माझ्याकडे टक लावून बसलेला. मी पेला टाकला असता, इंदूनंच खालून धरला आणि खो खो हसत सुटली. बेडूक मातीचाच होता, आत तळाशी चिकटवलेला, पिणाऱ्याची गंमत करायला. वडिलांनी तो एका जाणाऱ्या साहेबाच्या सामानातून घेतला होता. जोडी होती म्हणे, पण ते पोचेस्तोवर दुसरा कुणीतरी नेला. पेला पालथा करून तिनं खालचा निळा नांगर, जहाजाचा असतो तसा, मला दाखवला. म्हणाली, "वहिनी, याचा भाऊ कुठेतरी असणार. त्याच्याही बुडाला असाच नांगर असणार."

इंदू बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तिच्या मागे दिवाळीच्या झाडलोटीत तो पेला फुटला. भाऊजींनी त्याचे तुकडे तिच्या काही वस्तूंबरोबर तापीत सोडले. पण फिरतीवर जिथे जातील तिथे चिनी मातीचा पेला दिसला की हात पुढे व्हायचा. आधी आत डोकावायचं, मग पेला पालथा करून बूड बघायचं. बुडाला नांगर नसला तरी पेला आवडला तर विचारायचे, "द्यायचा झाला तर मला सांगा." अशी ती फळी भरत गेली. त्यात इंग्रज राजाराणीच्या चेहऱ्यांचा पेला आहे, टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या मुंडक्याचा आहे, मिशा भिजू नयेत म्हणून तोंडाशी आडवी पट्टी असलेला आहे. मी चिडवायची, "भाऊजी, तुम्हाला मिशा नाहीत आणि चहा तुम्ही पितळीतच पिता. हे सगळं कुणासाठी?" ते म्हणायचे, "येईल कोणीतरी प्यायला." मला ते हसून सांगितलेलं कधी आवडलं नाही.

मग ती वर्षं आली. इंग्रज निघाले, संस्थानं विरघळायला लागली, गावातल्या कुणाकुणाच्या घरी ट्रंका बांधल्या जाऊ लागल्या. कापूस जिनिंगच्या साहेबाकडे भाऊजींनी पेला पालथा केला, पुढच्या उन्हाळ्यात साहेबाचा बंगला रिकामा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका चिमुकल्या संस्थानात राजेसाहेबांनी स्वतः चहा पाजला आणि भाऊजींनी पेला उलटा केलेला पाहून हसत विचारलं, "काय बघता, खाली माझं नाव आहे का?" पुढच्या दसऱ्याला दरबारच नव्हता. दिवाणखान्यात सतरंजीवर सामान मांडून ठेवलं होतं, झुंबरं, खुर्च्या, वाघाची कातडी, आणि कडेला तो पेला. भाऊजींनी तो आणला, फळीवर ठेवला आणि जेवायला बसले, पण दोन घास खाऊन ताटावरून उठले. गावातल्या एका लाकडाच्या वखारवाल्याकडे तसंच झालं. एका सकाळी त्यांच्या दाराला कुलूप, आणि दुपारी त्यांचा गडी पेला घेऊन आमच्या ओसरीवर. "सेठ बोल के गए थे, दत्तूसेठ को देना।"

यात चमत्कार कसला? इंग्रज जाणारच होता, संस्थानं जाणारच होती. भाऊजी फिरतीवरचे, कुठलं घर आतून पोखरलंय ते त्यांना इतरांआधी कळायचं, आणि अशाच घरांतून वस्तू बाहेर निघतात. मी हे शंभरदा बोलून दाखवलं. पण लोकांच्या जिभेला हाड नसतं. दत्तूसेठनं पेला पालथा केला की त्या घराला कुलूप लागतं, असं राजपुऱ्यात पसरलं आणि तिथून बाजारात. भाऊजी दारात दिसले की बायका कपबशा आत न्यायच्या. एकीनं तर चहाच्या कपावर पदर टाकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. कहर म्हणजे आमच्याच आळीतले एक घरमालक भाऊजींना चहाला बोलवायला आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "वरच्या बिऱ्हाडात बसू. त्यांच्याकडे चांगला पेला आहे, एकदा पलटून बघा ना. तीन वर्षं झाली, खाली करत नाहीत." हे ऐकून मला हसू आवरेना. भाऊजी पांढरेफटक पडले. त्या घरमालकाला त्यांनी दारातूनच घालवून दिलं.

आणि मग बहादरपूर झालं. तिथे केळीचा एक बागायतदार होता, दोघे सख्खे भाऊ एकत्र राहायचे, भरलेलं घर, गोठ्यात बैल. तिथे ना साहेब, ना संस्थान, ना कुणाला पाकिस्तानात जायचं होतं. जत्रेत घेतलेला पोराचा रंगीत पेला भाऊजींनी सवयीनं उचलला, पालथा केला, ठेवून दिला. महिन्याच्या आत विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत जुंपली, कुऱ्हाड चालली. एक गेला, एक तुरुंगात. बायका पोरांना घेऊन आपापल्या माहेरी. बागेतली केळी झाडावरच काळी पडली. हे कळलं त्या दिवशी भाऊजी माझ्या चुलीपुढे येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, पहिला कुणाचा पलटला होता आठवतं का?" मला कळेना. "इंदूचा. तुम्हाला नांगर दाखवला ना तिनं, त्याच्या आदल्या दिवशी मी पाहिला होता." मी म्हटलं, "हे कसलं खूळ भरलंय डोक्यात?" पण आवाज माझाच मला खरा वाटला नाही. त्या दिवसापासून मी माझ्या घरात त्यांना साधी वाटीसुद्धा पालथी घालू दिली नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण नाही घालू दिली.

त्यानंतरच्याच वर्षातली गोष्ट. युसूफभाईंचे दोघे भाऊ कराचीला गेले. त्यांच्या वाटणीच्या घरावर सरकारी कागद चिकटला, कारण जे गेले त्यांची घरं सरकार ताब्यात घेत होतं. कचेरीची माणसं येऊन भिंती मोजून गेली. युसूफभाईंचं अर्धं घर उरलं, त्याचीही चौकशी सुरू झाली, हे कधी जाणार, हे का गेले नाहीत. भावांच्या अर्ध्या घरातून एक फडताळ युसूफभाईंनी आपल्याकडे ओढून घेतलं होतं. ईदच्या दिवशी भाऊजी शीरखुर्मा खायला गेले तेव्हा त्या फडताळात त्यांना तो दिसला. निळी वेल. सोनेरी काठ. आत डोकावले तर बेडूक, डोकं वर करून बसलेला. युसूफभाईंच्या वडिलांनी भुसावळच्या कुठल्याशा लिलावात घेतलेला म्हणे. भाऊजींनी तसंच धावत येऊन हे मला सांगितलं. मी विचारलं, "नांगर आहे?" ते माझ्यावर केवढ्यांदा तरी ओरडले. आयुष्यात एकदाच. "पलटू कसा वहिनी? समोरचं घर आहे ते."

तेव्हापासून ते रोज त्या घरी जायचे आणि रोज तो पेला बघून यायचे. हात लावायचे नाहीत. युसूफभाईंना गावातली बोलणी ठाऊक होती आणि ते मुद्दाम चिडवायचे, "उठाओ सेठ, देखो नीचे क्या है। हम कहीं नहीं जाते।" पण घरावरचं सावट काही सरेना. एका सकाळी आमच्या दारापुढे टांगा उभा राहिला. मी बाहेर आले तर युसूफभाईंच्या ओसरीवर बांधलेल्या ट्रंका, आणि रुकय्याभाभी, म्हणजे त्यांची बायको, बुरखा घेऊन बसलेली. कचेरीतून आदल्या दिवशी पुन्हा माणूस आला होता, त्यांना सहन झालं नव्हतं. युसूफभाई पेला हातात घेऊन रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. "लो दत्तूसेठ. अब तो हम जा ही रहे हैं। अब पलट लो।"

भाऊजींनी तो घेतला. मला वाटलं, आता पलटणार. हातात होता, आता भीती कशाची, घर तर निघालंच होतं. त्यांनी एकदा आत पाहिलं, त्या बेडकाकडे. मग सरळ समोर गेले, युसूफभाईंच्या घरात शिरले, माठातलं पाणी काठोकाठ पेल्यात ओतलं आणि तो त्यांच्या कोनाड्यात ठेवला. बाहेर येऊन रुकय्याभाभींना म्हणाले, "भाभी, भरा हुआ बर्तन है। इसे कौन उलटेगा, और कैसे उलटेगा? मी नाही उलटणार. तुम्ही राहा." एवढंच. आणि ट्रंकेवरच बसले. माझे हे टांगेवाल्याशी बोलायला लागले, कुणीतरी रडलं, कुणीतरी पाणी मागितलं. त्या दिवशीची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी रुकय्याभाभींनीच ट्रंकांच्या दोऱ्या सोडल्या. पाणी आटतं म्हणून तिनं त्या पेल्यात साखर भरली आणि तेव्हापासून भाऊजींच्या शेवटच्या आजारपणापर्यंत तो कधी रिकामा झाला नाही.

लोकांनी याचं पुष्कळ काही केलं. कुणी म्हणे, दत्तूसेठनं शाप काढला. मला विचाराल तर घाबरलेल्या दोन माणसांना थांबायला एक निमित्त पाहिजे होतं, ते मिळालं. पण पुढची इतकी वर्षं भाऊजी ज्या धास्तीत जगले, ती मी जवळून पाहिली. दरबार संपले तसं आमचं दुकान बसत गेलं, फेटा बांधणारी डोकीच कमी झाली. मग राज्यांच्या नव्या हद्दींची बोलणी निघाली, कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार. आमच्या ह्यांनी तर जळगावला जायचं जवळपास पक्कं केलं होतं. भाऊजींना त्यातल्या कशाचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष समोरच्या कोनाड्याकडे. रुकय्याभाभींना रोज विचारायचे, "साखर आहे ना?" ती हसायची. मलाही आधी हसू यायचं, नंतर येईनासं झालं. त्यांनी नवा पेला आणणं बंद केलं. फळीवरचे सगळे सरळ उभे, तोंड वर, जणू कुणी येऊन प्यायचं बाकी आहे.

जाण्याआधीच्या दुपारी ताप जरा उतरला होता. मी ओली पट्टी बदलत होते. ते म्हणाले, "वहिनी, नांगर असला तर तिच्या पेल्याचा भाऊ सापडला म्हणायचा." मी म्हटलं, "मी बघून येऊ का? नुसतं बघते, तुम्हाला सांगते." त्यांनी माझं मनगट धरलं. त्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "माझ्या मागे कुणी पलटणार नाही असं बघा." मी हो म्हटलं. मला दुसरं काय म्हणता येणार होतं… पहाटे ते गेले.

तेराव्यानंतर रुकय्याभाभी आली. ओढणीखाली तोच पेला, साखरेनं शिगोशीग भरलेला. "खाली बर्तन कैसे लाती, भाभी," ती म्हणाली. नातवंडं आता ट्रंकांवर चढायला लागलीत, कोनाड्यापर्यंत हात पोचतात, तिला झोप लागत नाही. "ये कहते हैं कि अब आपके पास रहे। आपके यहाँ कोई नहीं उलटेगा।" मी पेला घेतला. ओसरीवरच्या फळीकडे वळले आणि थांबले. तिथे मुलं असतात, झाडणारी बाई येते, मांजर उड्या मारतं. मग मी तो स्वयंपाकघरात नेला आणि चुलीशेजारी पितळेच्या डब्यांच्या रांगेत ठेवला. सासूबाई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. इंदूचा पेला या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. याला आणावं लागलं.

रोजच्या चहाची साखर मी त्यातूनच घेते. निम्म्यावर आली की आधी बेडकाचा माथा दिसतो, मग दोन काळे डोळे. ते दिसले की मी भरते. खाली नांगर आहे की नाही, मला माहीत नाही, आणि मी बघणार नाही. परवा कचेरीतला माणूस पुन्हा आला होता. युसूफभाईंच्या भिंतीला टेप लावून, वहीत काहीतरी टिपून गेला. युसूफभाई दारात उभे राहून बघत होते, मी माझ्या दारात. आत येऊन पाहते तर पेल्यात डोळे वर आलेले. डबा उपडा करून होती नव्हती ती सगळी साखर मी ओतली, तरी एक डोळा उघडाच राहिला. मुलाला तसंच बाजारात पिटाळलं, आणि तो येईपर्यंत पेल्यावर तळहात ठेवून बसून राहिले.